पॅकिंग कापणारे चाचा

माझ्या कात्रीचा मला फार गर्व होता. पिंपरीच्या ज्या हॉस्पिटलात मी पोटाच्या ऑपरेशनांच्या वॉर्डात नर्स आहे, तिथे स्टोमाची पिशवी लावायची वेळ आली की बाकीच्या मुली माझ्याकडे बघायच्या. ज्यांचं आतडं फाटतं, त्यांच्यापैकी काहींच्या आतड्याचं तोंड काही महिने पोटावर काढून ठेवावं लागतं. त्याला स्टोमा म्हणतात. त्यातून येणारं सगळं झेलायला पोटावर एक पिशवी चिकटवायची आणि पिशवीच्या चकतीला स्टोमाच्या मापाचं भोक पाडायचं. भोक मोठं झालं तर पाझर कातडीवर येऊन ती सोलून निघते, लहान झालं तर काचतं. मी पिशवीसोबत येणाऱ्या कार्डावरच्या लहानमोठ्या गोलांवरून माप घ्यायचे आणि खर्रकन कापायचे. नव्या मुलींना सांगायचे, "बघा, हात असा चालला पाहिजे."

त्या गर्वाचं घर खाली केलं ते चाकणच्या एका चाचांनी.

चाचा साठीच्या पुढचे होते, आतडं फाटून आमच्या वॉर्डात आले होते आणि त्यांना स्टोमा काढावा लागला होता. गॅरेज त्यांचं स्वतःचं, पण गाड्या दुरुस्त करण्यापेक्षा त्यांचं नाव होतं ते पॅकिंग कापण्यात. इंजिनाचे दोन भाग जोडताना मधून तेल गळू नये म्हणून जी पातळ शीट बसवतात, ते पॅकिंग. आता बाजारात तयार मिळतं, पण जुन्या ट्रॅक्टरचं, जुन्या पंपाचं मिळत नाही, आणि तसली जुनी यंत्रं असलेली माणसं लांबलांबच्या गावांतून चाचांचं दुकान शोधत यायची. हे सगळं मला चाचींनी सांगितलं. चाचा बोलतच नव्हते. मी पिशवी बदलायला गेले की ते मान वर करून पंख्याकडे बघत बसायचे. ऑपरेशनला आठ दिवस होऊन गेले, तरी त्यांनी स्वतःच्या पोटाकडे एकदाही बघितलं नव्हतं.

डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की तीन महिन्यांनी आतडं पुन्हा आत घालून पोट बंद करता येईल, पण तोवर वजन राहिलं पाहिजे. माणूस खंगला तर दुसरं ऑपरेशन लांबणार. आणि चाचांचं वजन तर दर दोन दिवसांनी उतरत होतं. चाची घरून मऊ खिचडीचा डबा आणायच्या, डबा रिकामा परत जायचा, तरी काटा खालीच. मला काही कळेना.

उलगडा केला शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या भावाने. तो कंपनीतून नाइट शिफ्ट सुटली की थेट वॉर्डात यायचा. एकदा मला म्हणाला, "सिस्टर, काही म्हणा, चाचींच्या हाताला चव आहे राव."

"तुम्ही कधी खाल्लंत?"

"रोजच की. चाची बाहेर गेल्या की चाचा म्हणतात, माझं झालं, तू संपव."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तशीच चाचांच्या खाटेपाशी गेले आणि जे तोंड सोडलं ते सोडलंच. इथे आम्ही तुमच्यासाठी राबतो, ती बाई दोन बस बदलून डबा आणते, आणि तुम्ही दानधर्म करता का, असं बरंच काही बोलले. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग पंख्याकडे बघतच हळू आवाजात म्हणाले, "खाल्लं की भरती. भरली की गळती. गळली की हिला चादर धुवाया लागती. नमाजला बसावं तर कपडा खराब. मंग खायचंच कशाला?"

चाची खाटेच्या पायाशी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. पिशवी गळत होती हे खरं होतं. दिवसातून तीनदा गळायची, आणि ती रोज मीच लावत होते.

माझी एक वाईट खोड आहे. लाज वाटली की मी आणखी जोरात बोलते. म्हणाले, "आता मी इतकी नीट लावते, तरी गळते, त्याला मी काय करू?"

"कुठून गळती?" चाचांनी विचारलं.

"खालून."

"दर वेळी खालूनच?"

"हो."

"मंग मापात चूक हाय. शीट खराब असती तर कवा हिकडनं, कवा तिकडनं गळली असती. एकाच जागेवरनं गळती म्हंजी भोक चुकलंय." पहिल्यांदाच त्यांनी पंख्यावरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. "माप कशावरनं घेता?"

मी खिशातलं कार्ड दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं. "ह्यात तर समदी गोलच हायेत. माझं गोल हाय का?"

उत्तर चाचींनीच दिलं, "न्हाई हो. लांबट हाय, अंड्यावानी. खाली निमुळतं."

आठ दिवस मी ते रोज बघत होते आणि चाचींना जे दिसलं ते मला दिसलं नव्हतं, कारण मी स्टोमाकडे कमी आणि कार्डाकडे जास्त बघत होते. मला माझीच चीड आली.

"सिस्टर, तयार मापावर पॅकिंग कापत न्हाईत," चाचा म्हणाले. "जागंवर कागद ठिवून छाप घ्यायचा असतो."

"मग घ्या तुम्हीच," मी म्हणाले. "तुमचं इंजिन आहे."

हे मी रागात म्हटलं की मायेने, मला आजही सांगता येणार नाही. मी पिशवीच्या वेष्टनाचं पारदर्शक प्लास्टिक पुसून त्यांच्या हातात दिलं, पेन दिलं, जुनी पिशवी काढली आणि खाट वर केली. मग चाचांनी मान खाली करून पोटाकडे बघितलं.

"येवढंच हाय?" ते म्हणाले.

"एवढंच आहे."

"हात लागला तर दुखंल?"

"त्याला दुखणं कळत नाही."

त्यांनी प्लास्टिक स्टोमावर धरलं. कडेकडेने पेन फिरवून छाप घेतला. छाप चकतीवर उतरवून त्यांनी माझीच कात्री घेतली आणि इतकं सावकाश कापलं की माझा खर्रकन आवाज मलाच आठवून शरम वाटली. कापून झाल्यावर कडेवरून बोट फिरवलं. एका जागी थांबले, आणखी केसभर कापलं. "खाच राहिली की तिथनंच गळाया सुरू हुतं," म्हणाले.

त्या दिवशी चाचांनी वाटीभर खिचडी खाल्ली. शेजारचा भाऊ तोंड बारीक करून बघत होता. दुपारी दोनला माझी ड्युटी संपली, पण मी आकुर्डीला घरी गेले नाही, उगाच फाइली चाळत बसले. चारच्या सुमाराला चाचींची हाक आली, "सिस्टर, जरा या."

पिशवी चांगली भरली होती. चाचींनी चाचांच्या पाठीखाली हात घातला, सगळीकडे चाचपून बघितलं आणि म्हणाल्या, "चादर कोरडी हाय." मग त्या रडल्या, आणि खरं सांगते, मीही रडले. भरलेली पिशवी बघून इतका आनंद होईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

सूज उतरते तसा स्टोमाचा आकार बदलतो, म्हणून घरी दर आठवड्याला नवा छाप घ्या असं मी सांगितलं. चाचा म्हणाले, ते काय सांगायला पाहिजे? तेव्हापासून मीही प्रत्येक पेशंटला आधी प्लास्टिक लावते. कार्ड खणात पडून आहे.

तीन महिन्यांनी पोट बंद करायला ते परत आले तेव्हा गालांवर मांस चढलं होतं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी माझीच ड्युटी होती. राउंड घेत त्यांच्यापाशी पोचले, तर चाचा कुरकुरत होते.

"सिस्टर, कवाचा उपाशी हाय. घासभर तरी द्या की. लई भूक लागलीया."

ज्या माणसाने जेवावं म्हणून मी वॉर्ड डोक्यावर घेतला होता, त्याला ऑपरेशनआधी पाण्याचा थेंबही चालणार नव्हता. "अजिबात मिळणार नाही," मी कमरेवर हात ठेवून म्हणाले. इतक्या आनंदाने मी आजवर कुणालाच उपाशी ठेवलं नाही.