सहापट की बारापट

ऐंशीच्या दशकात मी अमेरिकेत ॲन आर्बरला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत भिंगांवर काम करत होते. आमच्या इमारतीच्या तळघरात मशीन शॉप होतं. तिथले मुख्य कारागीर साठीला टेकलेले, उंच आणि कमालीचे अबोल गृहस्थ होते. सांगाल तसा धातूचा तुकडा केसाचाही फरक न ठेवता कातून देत आणि वर एक शब्द बोलत नसत. त्यामुळे ऑक्टोबरात एक दिवस ते स्वतःहून माझ्या खोलीत येऊन टोपी हातात धरून उभे राहिले, तेव्हा मला वाटलं, कुणीतरी गेलं.

"डॉक," ते म्हणाले, "तुला भिंगातलं कळतं. मला रायफलवर लावायची दुर्बीण निवडून दे. हरणासाठी."

मी पुण्यात वाढलेली. आमच्या घरी अंडं घातलेला केकसुद्धा गॅलरीत बसून खावा लागे. मी म्हटलं, "अहो, मी शाकाहारी आहे."

"दुर्बीण खायची नाहीये," ते म्हणाले.

मी नाहीच म्हणणार होते. पण मग ते खुर्चीवर बसले आणि वर्षभरात बोलले नसतील एवढं एका दमात बोलले. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासापर्यंत गोळी झाडायची परवानगी असते आणि हरणं नेमकी त्याच अर्ध्या तासात बाहेर पडतात. आदल्या वर्षी त्यांनी तशाच अंधुक उजेडात एका हरणावर गोळ्या झाडल्या. पुढच्या क्षणी त्यांच्या जुन्या दुर्बिणीत नुसता काळोख. लागली असणार, याची त्यांना खात्री होती. रक्त कुठे दिसलं नाही, पण पोटात गोळी बसली की कधीकधी दिसत नाही म्हणे. दोन दिवस ते त्या जखमी जनावराला शोधत जंगलात फिरले. "अजून डोक्यातून जात नाही," ते म्हणाले. "नीट दिसणार नसेल तर मी यंदा जाणारच नाही."

मी होकार दिला.

घरी नवऱ्याला सांगितलं, तर त्याचे डोळे चमकले. तो नागपूरचा. लग्नानंतर माझ्यासाठी घरात मटण शिजवणं बंद केलेला, पण मनातून नाही. "हरण मिळालं तर वाटा मागून घे यार!" तो म्हणाला.

बारापट मोठं दाखवणारी दुर्बीण घ्यायचं कारागिरांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. मी त्यांना कागदावर गणित मांडून दाखवलं. पुढच्या भिंगाची रुंदी भागिले किती पट, की डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाच्या गोल ठिपक्याची रुंदी मिळते. पट वाढवत गेलात की ठिपका बारीक होतो आणि अंधारात चित्र काळवंडतं. पण ठिपका डोळ्यातल्या बाहुलीपेक्षा मोठा असूनही फायदा नाही, जादाचा उजेड बुबुळावर सांडतो. म्हणजे आधी बाहुली मोजायला हवी, कारण वयाबरोबर ती अंधारातही पूर्वीसारखी फुलत नाही.

आमच्याकडे फोटो धुवायची डार्करूम होती. तिथे आम्ही दहा मिनिटं अंधारात बसलो. मग मी मिणमिणता लाल दिवा लावला, पारदर्शक पट्टी त्यांच्या डोळ्याखाली धरली आणि नाकाला नाक लागेल इतकी जवळ जाऊन मिलिमीटर मोजू लागले. तेवढ्यात डिपार्टमेंटच्या सेक्रेटरीबाईंनी दार उघडलं.

"आम्ही हरणाचं बघतोय," कारागीर म्हणाले.

बाईंनी दार लावून घेतलं. पण लख्ख उजेड आत आला होता आणि बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झाली होती. पुन्हा दहा मिनिटं अंधारात बसणं आलं. बाई बाहेरच थांबल्या असाव्यात, कारण वीस मिनिटांनी आम्ही निघालो तेव्हा कॉरिडॉरमध्ये चौघीजणी एकदम फाइली चाळायला लागल्या. बाहुली पाच मिलिमीटर भरली.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला आम्ही शिकारीच्या सामानाच्या दुकानात गेलो. त्याच संध्याकाळी मराठी मंडळींची दिवाळी होती, म्हणून मी रेशमी साडी, पायात स्नोबूट आणि वरून जाडजूड कोट अशा अवतारात होते. विक्रेता शेवटपर्यंत फक्त त्यांच्याशीच बोलला. मला त्याने बसायला स्टूल दिलं. काउंटरवर त्याने बारापटीची एक लांबलचक दुर्बीण ठेवली. मी ती उचलून ट्यूबलाइटखाली धरली. भिंगावर दिव्याचं प्रतिबिंब पांढरंफटक, स्टीलच्या ताटात पडावं तसं.

"ह्याला कोटिंग नाही," मी म्हटलं. "अर्धा उजेड काचाच परत पाठवतील."

विक्रेता पहिल्यांदा माझ्याकडे वळला. मी त्याच्याकडून आणखी तीन दुर्बिणी काढून घेतल्या. एकीत प्रतिबिंब छान जांभळट दिसत होतं, म्हणजे कोटिंग होतं. ती साधीच होती, सहापट, पुढचं भिंग छत्तीस मिलिमीटरचं. म्हणजे ठिपका सहाचा, बाहुली पाचची. थंडीने डोकं थोडं हललं तरी एक मिलिमीटर हाताशी.

"सहाच?" कारागिरांचा चेहरा पडला. बारा हा आकडा त्यांच्या मनात घर करून बसला होता.

मग संध्याकाळ व्हायची वाट बघून विक्रेत्यासकट आम्ही तिघे दुर्बिणी घेऊन पार्किंग लॉटमध्ये उभे राहिलो आणि रस्त्यापलीकडच्या लाँड्रीच्या दारावरची बारीक अक्षरं वाचू लागलो. उजेड उतरत गेला. मी कोपर एका गाडीच्या टपावर टेकवून बघत असतानाच मागे पोलिसांची गाडी येऊन थांबली. रेशमी कपड्यातली एक बाई लाँड्रीवर नेम धरून उभी आहे, असा कुणीतरी फोन केला होता.

मी दोन्ही हात वर केले. एका हातात सहापट, दुसऱ्यात बारापट.

"त्या डॉक्टर आहेत," कारागीर घाईने म्हणाले. "त्यांनी माझी बाहुली मोजली आहे."

पोलिसाने आधी दुर्बिणींना रायफल जोडलेली नाही ना, ते पाहिलं. मग सगळं ऐकून घेतलं. मग बारापट डोळ्याला लावली. "धुरकट आहे," तो म्हणाला. सहापट लावली आणि मोठ्याने वाचलं, "सोमवारी बंद." पुन्हा बारापट, पुन्हा सहापट. तोही शिकारी निघाला. जाताना त्याने विचारलं, "मॅडम, माझं वय बेचाळीस आहे. माझी बाहुली किती असेल?"

कारागिरांनी सहापट घेतली. मी दिवाळीला पोचले तेव्हा फराळ संपत आला होता.

हंगाम सुरू झाला आणि चौथ्या दिवशी ते माझ्या खोलीत आले. दाढी वाढलेली, टोपी पुन्हा हातात.

"डॉक, मागच्या वर्षीचं ते हरण सापडलं."

मी विचारलं, "मेलेलं?"

"ओकचं खोड आहे ते," ते म्हणाले. "दोन फांद्या शिंगांसारख्या वर आलेल्या. काल त्याच वेळेला, त्याच जागेवरून बघितलं. सालीची रेघ न् रेघ दिसली. जवळ जाऊन पाहिलं, तर चार गोळ्या आत बसलेल्या."

मला हसू आवरेना. तेही हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी टोपीनेच डोळे पुसले. वर्षभर तो माणूस एका खोडाचं दुःख करत होता. जरा वेळाने म्हणाले, "नेम मात्र चांगला होता. चारही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत."

हंगामाच्या शेवटी त्यांना खरं हरण मिळालं. एका गोळीत. ऐकून मला बरं वाटलं असं नाही, पण तो ओझं उतरलेला चेहरा बघून वाईटही वाटलं नाही. रविवारी ते पांढऱ्या कागदात बांधलेलं भलंमोठं पुडकं घेऊन आमच्या दारात हजर झाले. नवऱ्याने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि त्यांना जेवायला थांबवून घेतलं.

त्याने नागपूरला आईला फोन लावून मसाल्याचं प्रमाण विचारलं. बोकड आहे, असं सांगितलं. बाहेर बर्फ पडत असताना सगळ्या खिडक्या उघडून त्याने सावजी रस्सा रटरटवला. मी पलीकडच्या खोलीत दहीभात घेऊन बसले. दारातून मला ते दोघे दिसत होते. पहिल्या घासाला कारागिरांचे कान लाल झाले, दुसऱ्याला नाक वाहायला लागलं. नवऱ्याने काळजीने विचारलं, तर त्यांनी वाटी पुढे केली. अशा तीन वाट्या झाल्या.

सोमवारी ते कामावर आले नाहीत. एवढ्या वर्षांत त्यांनी कधी दांडी मारली नव्हती. मी घाबरून त्यांच्या घरी फोन केला.

"मी ठीक आहे, डॉक," ते म्हणाले. "फक्त आज घरापासून लांब जात नाही." मग म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला विचार, रस्सा उरलाय का."