पोर्चवरची गाडी

वळ गावच्या एका शेठने उघड्या टपाची जुनी गाडी माझ्या दापोड्याच्या गॅरेजमध्ये आणून टाकली, तेव्हा "मला ती फिरवायची हाय" असं तो स्वतःच्या तोंडाने म्हणाला होता. म्हणूनच मी वर्षभर राबलो. जाम झालेले पिस्टन डिझेलमध्ये भिजवून सोडवले. घडीचा टप ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्याकडून शिवून घेतला. शेवटी टप उघडून मी ती काल्हेरपर्यंत नेऊन आणली, तर इंजिन कुठे अडखळलं नाही.

गाडी घरी नेल्यावर पंधरा दिवसांतच शेठचा फोन आला. "मिस्त्री, इंजिन काढायचं हाय, या."

काहीतरी बिघडलं असेल म्हणून मी तसाच उठून गेलो. गाडी ठणठणीत होती आणि शेजारी क्रेन उभी होती. रस्त्यावरून दिसावी म्हणून शेठला ती बंगल्याच्या पोर्चवर चढवून ठेवायची होती. स्लॅबला एवढं वजन पेलणार नाही, असं क्रेनवाल्याचं म्हणणं.

माझं डोकंच फिरलं. "मग वर्षभर मी काय झक मारली?"

"रागावता कशाला? खालून इंजिन कोनाला दिसतंय?"

मी पान्याला हात लावला नाही. इंजिन दुसऱ्या कोणीतरी काढलं.

आता तिथून जाताना लोक वर बोट दाखवून विचारतात, "ही तुम्हीच बनवली ना?"

मी नाही म्हणतो.