करवली नको, नायिका चालेल

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी आम्ही सात-आठ बायका जुन्या इंग्रजी कादंबऱ्या वाचतो. समजावून सांगतात त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाई, कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. त्या दिवशीची नायिका तोंडाळ, ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवणारी आणि स्वतःला फार शहाणी समजणारी होती. बाई रंगात येऊन म्हणाल्या, "दोष कुणात नसतात? पण हिला आपली चूक दिसते आणि ती कबूल करायची हिंमत हिच्यात आहे. म्हणून ही चारचौघींहून वेगळी!" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी जरा जास्तच डोलली, कारण माझ्या डोळ्यांसमोर माझी लेक होती.

लेकीने साखरपुडा मोडला होता. मुलाबद्दल कुणीतरी कान भरले आणि हिने त्याला एका शब्दाने न विचारता अंगठी परत पाठवली. पुढे कळलं, सगळं खोटं होतं. तेव्हा ती एकटी बोरिवलीला त्याच्या घरी गेली आणि त्याच्या आईवडिलांसमोर माफी मागून आली. लग्न काही पुन्हा जुळलं नाही. पण गेली ना! मला विचाराल तर त्याला वाघाचं काळीज लागतं.

वाचन संपल्यावर बाईंनी मला लिफ्टपाशी बाजूला घेतलं. त्यांच्या मुलीचं लग्न महिन्यावर आलं होतं. तिला सख्खी बहीण नाही, त्यामुळे करवली माझी लेकच, हे दोघींचं शाळेपासून ठरलेलं. साडीला फॉल-पिकोसुद्धा झालं होतं.

"अहो, करवली म्हणून माझ्या पुतणीला उभी करते हं. तुमच्या मुलीचं मोडलंय ना, कऱ्हा तिच्या हातात... लोक बोलतात."

"पण बाई, आत्ता आत तुम्हीच म्हणालात ना, की..."

"अहो, ते पुस्तकात!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुठल्या त्या विलायतेतल्या पोरीला चुकायला अख्खं पुस्तक मोकळं, आणि जी लहानपणी यांच्याच घरी जेवून यांच्याच सोफ्यावर झोपायची, तिला एक चूक माफ नाही? घरी सांगितलं तेव्हा लेक म्हणाली, "जाऊ दे ना आई. तिचं लग्न आहे, तमाशा नको." मग बाथरूममध्ये नळ सोडून रडली.

लग्नाला आम्ही गेलो. लेक तीच साडी नेसली आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत पाहुण्यांत ताठ उभी राहिली. पुतणी कऱ्हा धरून होती. नवरीची नजर मात्र सारखी आमच्याकडे वळत होती.

लग्नानंतरच्या पहिल्याच शनिवारी बाईंनी विचारलं, आता कुठली कादंबरी घेऊ या?

मी सगळ्यांदेखत म्हटलं, "जिच्यातली नायिका कधीच चुकत नाही अशी एखादी शोधा, बाई. चुकणारी तुम्हाला झेपत नाही."