हलक्या गोळीची निवड

करोनाच्या पहिल्या हिवाळ्यात मी माझ्या शेजाऱ्यांना बंदुकीची गोळी निवडायला मदत केली. माझ्या आईला हे आजही माहीत नाही.

तेव्हा मी नायमेखन या डच शहराच्या बाहेर, नदीच्या बांधालगतच्या एका खेड्यात भाड्याने राहत होतो. नोकरी सेमीकंडक्टरची, ऑफिस बंद. शेजारचे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, एकटे, चाळीस वर्षं परवान्याने शिकार करणारे. आमच्या भागातली छोटी हरणं दरवर्षी ठरलेल्या संख्येइतकी कमी करावी लागतात, ते काम त्यांच्याकडे होतं. काडतुसंही ते स्वतःच भरायचे, रीतसर परवाना काढून, मागच्या शेडमध्ये. पण त्या वर्षी त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली. रायफलच्या दुर्बिणीतून उजव्या डोळ्याला लांबचं अजून स्वच्छ दिसायचं, जवळचे बारीक आकडे मात्र पुसट झाले होते.

एका दुपारी त्यांनी कुंपणापलीकडून विचारलं, "तुला आकडे वाचायचा कंटाळा येतो का?"

"दिवसभर तेच तर करतो," मी म्हणालो.

"मग ये. हात कशालाही लावायचा नाही, तसा कायदाच आहे. फक्त वाचायचं."

शेडची दारं-खिडक्या सताड उघडी ठेवून आम्ही दोन टोकांना बसायचो. ते पितळी काडतुसात दारू ओतण्याआधी तिचं वजन करायचे आणि मी काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचायचो. मग त्यांची जुनी वही वाचून दाखवायची. कुठल्या गोळीला कोणती दारू किती, गोळी कुठे लागली, जनावर किती पावलं गेलं, सगळं त्यात होतं. माणसांशी बोलणंच थांबलेल्या त्या दिवसांत मला ती शेड आवडायला लागली.

अडचण गोळ्यांची होती. त्यांच्या नेहमीच्या, जाड कवचाच्या जड गोळ्या कुठे मिळेनात. सीमेपलीकडचं जर्मनीतलं दुकान बंद, इथल्या दुकानात रिकामे शेल्फ. त्यांच्याकडे जड गोळ्यांची सहाच काडतुसं उरली होती. शिवाय हलक्या, पातळ कवचाच्या गोळ्यांची एक न फोडलेली पेटी होती. त्यांची रायफल मुळातच फार वेगाची, आणि हलकी गोळी तिच्यातून आणखी वेगाने सुटायची.

शूटिंग रेंज बंद होण्याआधीच्या शेवटच्या शनिवारी त्यांनी दोन्ही गोळ्या शंभर मीटरवर झाडून पाहिल्या. जड गोळ्यांची भोकं तळहाताएवढ्या जागेत विखुरली. हलक्या गोळ्यांची तीन भोकं एकमेकांना चिकटून पडली. मी घरी येऊन सगळे आकडे स्प्रेडशीटमध्ये भरले, आलेख काढला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना दाखवला.

"प्रश्नच नाही," मी म्हणालो. "हलकीच घ्या. डेटा स्पष्ट आहे."

त्यांनी कागद बाजूला ठेवला. "कागदाला हाडं नसतात," ते म्हणाले. "जवळून, एवढ्या वेगात, ही आत जाण्याआधीच फुटेल."

"पण तुम्ही तर लांबूनच मारता ना? आणि नेम चुकण्यापेक्षा हे बरं नाही का?"

यावर त्यांनी मान डोलावली. त्यांना पटलं होतं की ते फक्त थकले होते, हे मी विचारलं नाही.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी ते मला बरोबर घेऊन गेले. ते मचाणावर, मी खाली शिडीपाशी. समोर दोनशे मीटरचं मोकळं गवत होतं, हरीण तिकडूनच येणार असा अंदाज. ते आलं बाजूच्या झुडपातून, जेमतेम चाळीस पावलांवर. मादी होती. बार झाला, ती कोसळली, आणि मी सुटकेचा श्वास टाकेपर्यंत उठून तीन पायांवर लव्हाळ्यांच्या दाटीत शिरली. दुसरा बार टाकायला त्यांना वेळच मिळाला नाही.

ते खाली उतरले. गवतावर रक्त होतं, हाडाच्या दोन पांढऱ्या कपच्या होत्या.

"जाऊ या ना तिच्या मागे!" मी म्हणालो.

"नाही. आता मागे लागलो तर ती आणखी लांब पळेल. कुत्रा हवा."

जखमी जनावराचा माग काढणारा कुत्रा ज्या बाईंकडे होता त्यांना त्यांनी फोन लावला. त्या करोनाने घरात अडकल्या होत्या. दुसरा कुत्रा लांबच्या गावचा, सकाळशिवाय येणं शक्य नव्हतं. नऊला संचारबंदी. आम्ही तिथे अंधार पडेपर्यंत उभे राहिलो. लव्हाळ्यांमध्ये एकदा काहीतरी हललं. नंतर तेही नाही. मग परत आलो.

सकाळी कुत्रा घेऊन एक तरुण मुलगी आली. पाऊण तासाने कुत्रा एका चराच्या काठी थांबला. हरीण जिवंत होतं. त्याने मान वर केली. शेजाऱ्यांनी जड गोळीचं काडतूस घातलं, नेम धरला, मग रायफल खाली घेतली आणि ते बाजूला झाले. ते काम त्या मुलीने आपल्या बंदुकीने केलं.

त्यांनी मला हरणाचा खांदा दाखवला. वरवर बशीएवढी जखम, आत जवळजवळ काहीच नाही. गोळीचा चुरा झाला होता.

"मी सांगितलं म्हणून तुम्ही..." मी म्हणालो.

"काडतूस मी भरलं. घोडा मी ओढला," ते म्हणाले. "तू आकडे बरोबर वाचलेस."

त्यांनी मला रागावायला हवं होतं. मी दोन दिवस वाट पाहिली. ते रागावले नाहीत.

वसंत ऋतूत त्यांनी परवाना परत केला. रायफल न्यायला दोन पोलीस आले, मास्क लावून, अगदी अदबीने. गाडीपर्यंत रायफलची पेटी मीच आणतो, असं शेजारी म्हणाले, पण नियमात बसत नव्हतं. त्यांनी कागदावर सही केली आणि गाडी वळून बांधावर दिसेनाशी होईपर्यंत फाटकात उभे राहिले. मी कुंपणाच्या या बाजूला होतो. त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचीही तेव्हा चोरी होती. मी म्हणालो, "कॉफी आणू का?" ते "नको" म्हणाले आणि आत गेले.