फाइल नंबर चारशे सात

सुशीलाबाई वडके यांनी कसबा पेठेत एकतीस वर्षं वधूवर सूचक केंद्र चालवलं. दोन खोल्या, एक लाकडी बाक आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होतो. निवृत्त झाल्यावर मी नुसता गॅलरीत बसलेला दिसायचो, तेव्हा एकदा त्यांनी विचारलं, टायपिंग येतं का. तेव्हापासून सोळा वर्षं मी त्यांच्याकडे मुलामुलींची माहिती टाइप केली. उंची, शिक्षण, रक्तगट, पगार, अपेक्षा. माझं लिहिणं एवढंच. त्यामुळे हे कितपत जमेल, सांगता येत नाही.

प्रत्येक फाइलीच्या शेवटी एक शेरा असे. तो मात्र बाई स्वतः एका बोटानं टाइप करत आणि तेवढ्यापुरता पडदा माझ्याकडून वळवून घेत. "बाकावर बसून लोक अपेक्षा सांगतात, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभे राहून खरं सांगतात," असं त्या म्हणायच्या. कुणाचा साखरपुडा का मोडला, कुणाच्या घरात कसलं दुखणं आहे, असलं सगळं त्या शेऱ्यात. हे त्या दुसऱ्या पक्षाला स्वतः कधी सांगत नसत. ज्याचं त्यालाच सांगायला लावत, आणि सांगत नसेल तर स्थळ पुढे नेत नसत. फाइलींना वरून नावंसुद्धा दिली नव्हती, फक्त नंबर; पण आतल्या माहितीवरून ओळखणारा ओळखेलच. नंबर कुणाचा, ते एका वहीत लिहिलेलं आणि बाईंना पाठ.

गेल्या वर्षी त्यांनी केंद्र बंद केलं. आता सगळे मोबाइलवरच बघतात, आणि त्यांचे गुडघेही कुरकुरायला लागले होते. वही त्यांनी फाडून बादलीत भिजत घातली आणि तिचा लगदा केला. कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे दिलं. मी सगळ्या फाइली निवडल्या, डिलीटचं बटण दाबलं, मग ती केराची टोपली असते तीही रिकामी केली. दोनदा खात्री केली. बाईंनी विचारलं, "गेलं ना सगळं?" मी म्हटलं, गेलं.

मग त्यांनी ओला फडका घेऊन कॉम्प्युटरचा डबा पुसला. दर खंडेनवमीला त्यावर हळदकुंकवाचं स्वस्तिक काढून अक्षता वाहायचा त्यांचा नेम होता. पूजा केलेली वस्तू कुंकवासकट भंगारात देऊ नये, म्हणून अर्धा तास घासघासून त्यांनी तो लख्ख केला. बुधवार पेठेतल्या एका दुकानाचा माणूस मंगळवारी येऊन घेऊन गेला.

बुधवारी संध्याकाळी चहा घेताना मी हे सुनेला सांगितलं. तनुजा आयटीत आहे. ती कप खाली ठेवून म्हणाली, "बाबा, डिलीट म्हणजे काही जात नाही हो. जिन्याखालच्या पाटीवरचं नाव काढलं, एवढंच. बिऱ्हाड वरच असतं." परत काढता येतं का, असं मी विचारलं. म्हणाली, फुकटची सॉफ्टवेअर असतात, कुणीही काढेल. हार्ड डिस्कवर दुसरं काहीतरी पूर्ण भरून लिहिल्याशिवाय पहिलं जात नाही. ती हार्ड डिस्क तरी काढून ठेवली होती का? नव्हती ठेवली.

गुरुवारी सकाळी मी तीन वेळा वरच्या मजल्यापर्यंत गेलो आणि तीन वेळा परत आलो. चौथ्या वेळी बाईच दारात उभ्या. काय चाललंय तुमचं जिन्यात, म्हणाल्या. मी कसंबसं सांगितलं. त्यांनी गॅस बंद केला, पिशवी घेतली, चपला घातल्या. कुलूप लावून निघाल्या.

गल्लीतून जाताना त्या माझ्यापुढे चार पावलं होत्या. वरच्या मजल्यावरून खाली उतरायला ज्यांना कठडा लागतो, त्या बाई हातगाड्यांच्या मधून वाट काढत निघाल्या होत्या. फडके हौदापाशी थांबल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "एक मुलगा आहे, अनंतराव. त्याला स्वतःबद्दल जे माहीत नाही, ते माझ्या फाइलीत आहे. त्याच्या आईनं मला हात जोडून सांगितलं होतं. ती आता नाही." पुढे दगडूशेठ गणपतीचं देऊळ लागलं. तिथेही हात जोडले ते चालता चालताच.

दुकानदारानं आम्हाला बघून न बघितल्यासारखं केलं. कॉम्प्युटर परत पाहिजे म्हटल्यावर म्हणाला, "आजी, भंगार देताना विचार करायचा असतो. घेताना आम्ही करतो." माल काल संध्याकाळीच विश्रांतवाडीच्या गोदामात गेला होता. तिथे तपासून, जोडून परत विकतात. सगळं साफ करूनच विकतो, असंही तो म्हणाला. कधी साफ करता, असं बाईंनी विचारलं, तर वर बघून म्हणाला, "नंबर लागेल तेव्हा."

रिक्षात बाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. मी दोनदा म्हटलं की चूक माझी. सिग्नलला रिक्षा थांबली की त्या पुढे झुकून बघायच्या, जणू त्यांच्या बघण्यानं दिवा बदलणार होता.

गोदाम म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. तिथे भाग्यश्री नावाच्या एक चाळिशीच्या बाई टेबलाशी बसून मशीन उघडत होत्या. अमरावतीकडच्या. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे एकावर एक काळे डबे रचलेले, पस्तीस-चाळीस तरी असतील, सगळे एकसारखे. आमचा कुठला, ते मला ओळखता येईना. सोळा वर्षं ज्याच्यासमोर बसलो, त्याच्या पडद्याकडे बघितलं होतं, डब्याकडे कधी नाही. बाईंना त्यावरचं स्वस्तिक ठाऊक होतं, आणि ते त्यांनीच घासून काढलं होतं.

"एवढं कशाला पुसलं मी," त्या म्हणाल्या. स्वतःशीच.

मग त्यांना अक्षता आठवल्या. डब्याला वर जाळी होती, दरवर्षी चार दाणे तिच्यातून आत जायचेच. भाग्यश्रीताईंनी हातातलं काम ठेवलं आणि एकेक डबा उघडायला घेतला. पंख्याखाली धूळ, कोळ्याची जाळी, एकात मेलेली पाल. नवव्या डब्यात तांदूळ सापडले. कुंकवात माखलेले, वाळून तपकिरी झालेले. बाईंनी हात पुढे केला. पण अकराव्यातही सापडले, आणि विसाव्यातही.

"आजी, दसऱ्याले सगळेच पूजा करून राहिले," भाग्यश्रीताई म्हणाल्या. "असं नाही कळायचं. आत पाहावं लागते."

तांदूळ निघालेल्यांपैकी पहिल्याची डिस्क त्यांनी आपल्या मशीनला जोडली आणि मिटवलेलं परत आणायचा प्रोग्राम लावला. पाच मिनिटांत पडद्यावर कुणाच्या तरी घरातले फोटो आले. बारसं असावं. बाईंनी चटकन पदर डोळ्यांवर घेतला आणि बंद करा म्हणाल्या, हे दुसऱ्याचं आहे, हेही पुसून टाका. दुसऱ्या डिस्कवर फाइलींची रांग आली. नावं नाहीत. एक, दोन, तीन, असे आकडेच आकडे. मी ज्या मिटवल्या होत्या त्या सगळ्या जशाच्या तशा होत्या.

तरी खात्री हवी होती. आकडे काय, कुणाच्याही फाइलींना असतात. एखादी उघडून बघा म्हणजे कळेल, असं भाग्यश्रीताई म्हणाल्या. बाईंनी त्यांना हातानं थांबवलं. कुठलीही फाइल उघडली की कुणाचं तरी खरं बाहेर येणार, आणि तो माणूस इथे नाही. मग बाई माझ्याकडे वळल्या.

"चारशे सात उघडू का?"

चारशे सात म्हणजे माझा मुलगा विश्वजीत. तनुजाचं स्थळ बाईंनीच आणलं होतं. त्या शेऱ्यात काय लिहिलंय, हा विचार मी बारा वर्षं करत आलो होतो, आणि विचारायचं धाडस कधी झालं नव्हतं. मी मान हलवली. बाईंनी भाग्यश्रीताईंना भिंतीकडे तोंड करायला लावलं. त्यांनी हसत केलं. वर मी टाइप केलेली माहिती होती. खाली त्यांचा शेरा.

"मुलास लहानपणी फिट येत असे. बारा वर्षांत नाही. वडिलांनी न विचारता सांगितले. वडील भित्रे, पण खरे बोलतात. चहा फार पितात."

मी पुन्हा वाचलं. बाई म्हणाल्या, तेव्हा लिहिलं होतं. मी म्हटलं, बरोबर आहे.

डिस्कवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्यं भरायला दीड तास लागेल, असं भाग्यश्रीताईंनी सांगितलं. तुम्ही घरी जा, मी करते, असंही म्हणाल्या. बाई स्टुलावर बसून राहिल्या. बसल्या म्हणजे बसत आणि उठत होत्या. दर दोन-चार मिनिटांनी कितीवर आलं म्हणून विचारायच्या. मी आकडा वाचून सांगायचो, अठ्ठावीस, एकोणतीस. चौसष्टवर बराच वेळ अडलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. पूर्ण झाल्यावर भाग्यश्रीताईंनी परत तोच प्रोग्राम लावून दाखवला. पडदा रिकामा. बाईंनी त्यांना तो आणखी एकदा लावायला सांगितला, आणि त्यांनी लावला.

येताना रिक्षात त्या तशाच पिशवीचा बंद गुंडाळत होत्या. आता काम झालं, असं मी म्हटलं. त्या हूं म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी एक ओळखीचे गृहस्थ आले. त्यांच्या पुतणीला एक स्थळ सांगून आलं होतं, मुलाचं नाव कधीकाळी बाईंकडे होतं. घराणं कसं काय, एवढंच विचारायचं होतं. मी तिथेच होतो. नाव ऐकून बाईंचा हात चहाच्या गाळणीवर थांबला. फडके हौदापाशी सांगितलेला तो मुलगा कोण, ते मला तेवढ्यावरून कळलं. कळायला नको होतं.

बाई म्हणाल्या, कॉम्प्युटर दिला, सगळं पुसलं.

गृहस्थ हसून म्हणाले, "अहो, डोक्यात असेलच की."

"मुलाला भेटा," बाई म्हणाल्या. "चांगला आहे. बाकी माझ्याकडे काही नाही."

ते गेले. बाईंनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी कपाकडे बघत होतो. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला काही कळलं का, अनंतराव?"

मी खरं बोलतो, असं त्यांनीच लिहून ठेवलं होतं. मी हो म्हटलं.

त्या समोर बाकावर बसल्या. त्या बाकावर त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.