माकुलाचा खरा रंग

ओला निळा रंग कागदावर पसरत चालला होता आणि आत्या त्याला फुंकर घालून वाट दाखवत होती... तिच्या फुंकरीसरशी रंगाचा एक ओघळ पुढे सरके, थबके, वळे आणि बघता बघता त्याचा एक लवचीक, नागमोडी हात होई. माकुलाचे, म्हणजे स्क्विडचे, असे दहा हात. मी आठच म्हणत होते, कारण शाळेत बाईंनी आठ सांगितले होते. "आठ ऑक्टोपसाक. माकुलाक धा," असं म्हणत तिनं माझ्या नाकाच्या शेंड्याला निळं बोट लावलं. दुपारच्या उन्हात तिचं ते बोट मला आजही दिसतं — पेरापर्यंत निळं, त्याच्या वर दुधासारखं पांढरं, आणि मग मनगटापाशी मधेमधे तिचा मूळचा सावळा रंग.

आम्ही तेव्हा मुलुंडला, पूर्वेकडे राहायचो. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, पुढे सामाईक गॅलरी, आणि इमारतींच्या पलीकडे मिठागरं. दुपारी वारा फिरला की खाडीचा चिखलकट, खारट वास घरात शिरायचा. आई नाक मुरडून खिडकी लावायची आणि आत्या तीच खिडकी पुन्हा उघडायची. सुलूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. दोन वर्षांपूर्वी मालवणजवळच्या गावाहून ती आमच्याकडे राहायला आली होती. तिचं वय एकतीस, आणि ते 'एकतीस' आमच्या घरात नेहमी हलक्या आवाजात उच्चारलं जाई. सोसायटीच्या मीटिंगच्या खोलीत ती बालवाडी चालवायची. तिच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत आणि गळ्याखाली कोडाचे डाग होते. पण 'कोड' हा शब्द आमच्याकडे कुणी उच्चारत नसे. आई त्याला नुसतं 'ते' म्हणायची. "ते वाढलंय का गं?" "ते झाकून जा गं."

आत्याच्या चित्रांच्या पुस्तकाची सुरुवात बालवाडीतल्या एका चार वर्षांच्या मुलीच्या प्रश्नातून झाली. खाऊ वाटताना तिनं आत्याचा हात धरून निरखून पाहिला आणि विचारलं, "बाई, तुमचा रंग कुठे सांडला?" आत्या घरी येऊन हे सांगताना हसली होती. मग हसता हसता गप्प झाली आणि संध्याकाळी स्टेशनजवळच्या दुकानातून ड्रॉइंगपेपर, पोस्टर कलरच्या सहा बाटल्या आणि दोन ब्रश घेऊन आली. "पोरांका कळाक व्हया," ती बाबांना म्हणाली, "आपलो रंग कसोय असो, तो आपलोच." बाबांनी पेपरातून डोकं वर काढून "बरां" म्हटलं आणि पुन्हा डोकं पेपरात घातलं.

गोष्ट अशी होती. समुद्रात एक माकूल राहतो. हिरव्या शेवाळात गेला की तो हिरवा होतो, प्रवाळांत गेला की गुलाबी, रेतीवर पहुडला की रेतीसारखा. एक दिवस एक छोटा खेकडा त्याला विचारतो, "तुझा खरा रंग कुठला रे?" माकुलाला काही सांगता येत नाही. मग तो सगळ्यांना विचारत फिरतो. कासव म्हणतं, हिरवा. समुद्रघोडा म्हणतो, गुलाबी. आणि तारामासा बिचारा म्हणतो, मला तर तू कधी दिसलाच नाहीस. माझ्याकडे लाटा रंगवण्याचं काम होतं. खळीचा आंबूस वास, बशीत कालवलेले रंग, आईच्या स्टीलच्या पेल्यात बुडवलेले ब्रश आणि त्यावरून आईचं रोजचं एक वाक्य — "उद्या ह्याच पेल्यातून पाणी प्या" — असे ते दिवस. अकरा पानं झाली, आणि बाराव्याशी आत्या अडली.

माकुलाचा खरा रंग तिला सुचेना.

एका रविवारी ती बाजारातून खरोखरचा माकूल घेऊन आली. आईनं मसाला वाटायला घेतला, तेव्हा आत्यानं तो ताटलीत ठेवून खिडकीशी नेला आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो. लिबलिबीत, पांढुरका, त्यावर तांबूस बारीक ठिपके. "हा तर पांढरा आहे," मी म्हटलं. "जितो आसताना येगळो दिसता," ती म्हणाली. "मेल्यार असो पांढरो पडता." मग मी विचारलं, "म्हणजे पांढरा हा त्याचा मेल्यावरचा रंग?" आत्यानं ताटली उचलली आणि आईच्या हातात दिली. मी काय चुकीचं बोलले ते मला समजलं नाही. त्या काळात मला बरंच काही समजत नसे. आपला रंग तो आपलाच, असं पोरांना सांगणारी आत्या रोज सकाळी हाताला बावचीचं कडवट वासाचं तेल चोळून गॅलरीतल्या कोवळ्या उन्हात का बसते? बाहेर पडताना उकाड्यातही लांब बाह्यांचं पोलकं का घालते? पुस्तकातलं खरं, की तेल खरं? विचारावंसं वाटायचं... पण त्या ताटलीची आठवण व्हायची आणि मी लाटा रंगवत राहायचे.

आणि मग ठाण्याचं स्थळ आलं. मुलगा सरकारी कचेरीत होता, पहिली बायको वारलेली, मूलबाळ नाही. मध्यस्थ बाईंना आईनं सांगितलं होतं की हातावर जरा भाजल्याचे डाग आहेत, उकळतं तेल उडालेलं. मला समोर बसवून तिनं बजावलं, "कुणी विचारलंच तर म्हणायचं, भाजलंय. नाहीतर तोंड उघडायचं नाही. कळलं?" मी मान हलवली. आत्या तिथंच पोह्यांसाठी कांदा चिरत होती. तिनं वर पाहिलं नाही.

मंडळी आली. तो मुलगा — मला तो मुलगा वाटण्याजोगा नव्हताच, कानाशी केस पिकलेला एक शांत माणूस होता — आणि त्याची मोठी बहीण. आत्या मनगटापर्यंत बाह्या असलेलं पोलकं घालून आणि गळ्याला पावडर लावून बसली होती. बोलणी रेंगाळली, आणि ती बहीण प्रेमानं माझ्याकडे वळली. "तुला काय आवडतं गं?" चित्रं, मी म्हटलं, आणि आईच्या डोळ्यांकडे न बघता आतून पुस्तक घेऊन आले. बहीणबाईंनी पानं उलटली. त्या खरोखरच खूश झाल्या होत्या. अकराव्या पानाशी त्यांनी विचारलं, "मग, कुठला गं ह्याचा खरा रंग?"

"अजून ठरला नाही," मी म्हटलं. "आत्याचापण ठरला नाहीये." आणि लगेच आईचं सांगणं आठवून घाईघाईनं पुढे म्हणाले, "म्हणजे... ते भाजलंय."

आई काहीतरी बोलणार, त्याआधीच आत्यानं बाहीचं बटण काढलं आणि बाही सावकाश घड्या घालत कोपरापर्यंत वर सारली. "भाजलेलं नाही," ती म्हणाली, अगदी स्वच्छ पुस्तकी मराठीत, जी ती एरवी फक्त बालवाडीत बोलायची. "कोड आहे."

बहिणीनं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. त्या शांत माणसानं ते उचललं, पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं आणि आत्याकडे बघून म्हणाला, "चित्रं फार चांगली आहेत." एवढंच. आठवड्यानं निरोप आला की पत्रिका जुळत नाही. त्याचं ते वाक्य दयेचं होतं, सभ्यतेचं होतं, की खरंच त्याला चित्रं आवडली होती, हे कोडं मला कधीच सुटलं नाही.

मंडळी जिना उतरली आणि आईनं माझा दंड धरला. "तुला तोंड मिटून बसायला सांगितलं होतं ना?"

"तिका कित्याक बोलतंस, वैनी?" आत्या दारातून म्हणाली. "तेल माझ्या हातार ओतलंस तां तू. तिना न्हय."

आईनं माझा हात सोडला आणि पदरात तोंड खुपसून रडली. ती आत्यासाठी रडत होती की स्वतःसाठी, ते मला कळेना. आत्या माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बरां केलंस." आणि मग चार दिवस ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. बरं केलं होतं तर अबोला कशासाठी? आणि वाईट केलं होतं तर तो पाठीवरचा हात? मी शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर माकूल काढायचे आणि खोडायचे.

पाचव्या दिवशी तिनं मला हाक मारली. बारावं पान तयार होतं. माकूल पाण्याच्या मधोमध, नुसत्या पेन्सिलीच्या रेषेत, आत कुठलाच रंग नाही. आणि खाली तिच्या वळणदार अक्षरांत लिहिलं होतं — 'माकूल म्हणाला, अजून शोधतोय. तोवर खेळूया?'

"अशी कुठे गोष्ट संपते का?" मी रडकुंडीला येऊन विचारलं. मला उत्तर हवं होतं. मला खरं तर सगळ्याचंच उत्तर हवं होतं.

"नाय संपली तर नाय संपली," ती म्हणाली, आणि दाभणानं पानं शिवायला लागली.

बालवाडीतल्या पोरांना मात्र त्या शेवटाचं काहीच वाटलं नाही. 'खेळूया?' म्हटलं की ती धूम ठोकत अंगणात पळायची. ओळखीच्या एका छापखानेवाल्यांना पुस्तक आवडलं होतं. पण ते म्हणाले, शेवट नीट करा, माकुलाला एखादा छान रंग द्या. आत्यानं पुस्तक परत आणलं. पोरांच्या हातांत ते झिजलं, पानं सुटली, आणि मी कॉलेजात जाईपर्यंत त्याचं एकही पान उरलं नव्हतं.

आत्यानं लग्न केलं नाही. कोड मात्र पसरत गेलं — गळा, चेहरा, पाय. पन्नाशी ओलांडल्यावर ती पूर्ण पांढरी झाली, एकसारखी. तिला आधी न पाहिलेल्या शेजारणी म्हणत, "तुमच्या आत्या किती गोऱ्या हो!" ती हसायची. एकदा मात्र मला म्हणाली, "आता कोण काय इचारना नाय गो. माकाच चुकल्यासारखां वाटता." तिला नेमकं काय म्हणायचं होतं, ते मी विचारलं नाही.

ती गेली त्याच्या आदल्या थंडीत तिला अंघोळ घालायला मी असायचे. एका सकाळी पाठीवरून पाणी ओतताना उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली मला एक सावळा ठिपका दिसला, करंगळीच्या नखाएवढा. तिला तो कधीच दिसला नसणार. सांगावं की नाही, ते कळेना. तांब्या हातात तसाच राहिला.

"काय झालां?" तिनं विचारलं.

"आते, पाठीवर एक डाग आहे."

"कसलो?"

"सावळा."

नळाखाली बादली भरून वाहायला लागली होती.

"खंय?" ती म्हणाली. "बोट लाव बघया."

मी बोट लावलं.