एकाच रकान्याचं काम

समाजशास्त्राच्या बाईंची शिकवण्याची तऱ्हाच न्यारी. चष्मा कपाळावर आणि नजर माणसांच्या हातांवर. आधी माणसाचं रोजचं काम बघा, मग ते काम कोणत्या कागदाला बांधलंय ते शोधा, असं त्या वीस वर्षं सांगत आल्या. विभागप्रमुखांना हे पोरखेळ वाटे. "आज तुमचा तास बघतो, मग विषय ठेवायचा की बंद करायचा ते ठरवू," म्हणत ते शेवटच्या बाकावर बसले.

त्या दिवशी बाईंनी इस्पितळात रुग्णांना जेवण भरवणाऱ्या एका मावशींना वर्गात आणलं होतं. त्यांच्या वॉर्डातला रोजच्या कामाच्या नोंदींचा तक्ता हातोहात फिरला.

"जेवण भरवल्याची एकच वेळ लिहिलीय," एक मुलगी म्हणाली. "म्हणजे काम मिनिटभराचं."

"मिनिटभराचं? ये की गं, भरवून बघ!" मावशी उसळल्या. "आजोबा एकेक घास घोळवतात, पाऊण तास जातो. कागदावर रकाना एकच, म्हणून मी ताट ठेवल्याची वेळ लिहिते. वीस जणांना आधी आम्ही दोघी होतो, आता मी एकटीच."

 बाईंनी फळ्यावर 'पाऊण तास, एक रकाना' असं लिहिलं.

"पण मावशी," मागून आवाज आला, "हा तक्ता वाचून एकटी पुरे असं ठरवतं कोण?"

विभागप्रमुखच उभे राहिले होते.

"मला काय ठाऊक, दादा!"

आपलाच प्रश्न सरांच्या तोंडून ऐकून बाईंचा जीव भांड्यात पडला. "तेच शोधायचंय, सर. पुढच्या तासाला याल ना?"

"येतो की," म्हणत ते तक्ता वहीत उतरवू लागले.